एचटी केबलचा जॉइंट : काम सांगण्याआधी आणि काम चालू असताना

पावसाळा लागला की वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. "फॉल्ट एकाच ठिकाणी आहे, मग ठेकेदार दोन जॉइंटचे पैसे का मागतो?" "मेगर चांगला आला होता, तरी जॉइंट पंधरा दिवसांत कसा उडाला?" "केबल आमच्या आवारात आहे, म्हणून दुरुस्तीही आमचीच का?" विचारणाऱ्यांत गृहनिर्माण संस्थांचे सचिव असतात, एमआयडीसीतले लहान कारखानदार असतात, रुग्णालयांची देखभाल पाहणारी मंडळी असतात. सगळ्यांची अडचण एकच. ११ किंवा २२ केव्हीची केबल त्यांच्या जमिनीखालून जाते, काम दुसऱ्याकडून करून घ्यावे लागते आणि झालेले काम मातीखाली दिसेनासे होते.

हा लेख काम करून घेणाऱ्यांसाठी आहे. तो वाचून कोणीही जॉइंट करायला बसू नये. उच्चदाबाचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच करायचे असते. तुमचे काम योग्य माणूस निवडणे, त्याला पुरेसा वेळ देणे आणि खड्डा बुजण्याआधी डोळ्यांनी पाहून घेणे, एवढे आहे. ते नीट झाले तर जॉइंट केबलइतकाच टिकू शकतो.

केबल कोणाची, हे आधी ठरवा

केबल कोणाच्या जमिनीखाली आहे, यावर जबाबदारी ठरत नाही. पुरवठ्याचा बिंदू कुठे आहे, यावर ठरते. मीटरिंग क्युबिकलपर्यंतची केबल वीज कंपनीची, तिथून तुमच्या ट्रान्स्फॉर्मरपर्यंतची तुमची, असे साधारण चित्र असते. घोळ होतो तो नव्या वसाहतींत. विकासकाने १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरून केबलचे काम स्वतः केलेले असते, पण ती यंत्रणा कंपनीकडे हस्तांतरित झाल्याचा कागद संस्थेच्या कपाटात नसतो. मग फॉल्टच्या दिवशी दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. तुमच्याकडे तो कागद आहे का, हे आजच पाहा. नसेल तर विकासकाला आणि कंपनीच्या उपविभागाला लेखी विचारा.

केबल गेल्यावर पहिल्या काही तासांत

ब्रेकर पडला की "एक ट्रायल घेऊन बघू" म्हणून तो पुन्हा उचलण्याचा मोह होतो. फॉल्टवर वारंवार चार्ज केल्याने जागेवरची केबल अधिक जळते, वरच्या फीडरवर ताण येतो आणि ब्रेकरही खराब होतो. त्याऐवजी केबल दोन्ही टोकांना सोडवून तिन्ही फेजचा मेगर (इन्शुलेशनच्या रोधाची चाचणी) घ्यायला सांगा. कोणता कोर गेला, तो जमिनीशी जोडला गेला आहे की दोन कोर एकमेकांत, हे त्यातून कळते.

फॉल्टची जागा शोधायला केबल फॉल्ट लोकेटर असलेली गाडी लागते. आधी केबलमध्ये लहरी सोडून अंतराचा अंदाज घेतात, मग सर्ज सोडून जमिनीवर आवाज ऐकत नेमकी जागा धरतात. या दुसऱ्या भागाला आपल्याकडे थंपिंग म्हणतात. अंदाजाने दहा खड्डे खणण्यापेक्षा गाडीचे भाडे स्वस्त पडते. थंपिंग मात्र गरजेपुरतेच करू द्या. जुन्या केबलवर मोठ्या दाबाने तासन् तास धक्के दिले तर दुसरी कमजोर जागा तयार होते.

केबल रस्त्याच्या किंवा पाइपलाइनच्या खोदकामात तुटली असेल, तर खड्डा आहे तसा ठेवून छायाचित्रे काढा, खोदणाऱ्या ठेकेदाराचे नाव, कामाचा आदेश आणि यंत्राचा क्रमांक टिपून ठेवा, पोलिसांत नोंद करा. निष्काळजीपणाने वीजपुरवठ्याचे साहित्य तोडणाऱ्याला विद्युत कायदा २००३ च्या कलम १३९ खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम तुमच्या हाती येत नाही, पण भरपाई मागताना ही नोंद उपयोगी पडते.

एक फॉल्ट, दोन जॉइंट : ठेकेदार फसवतो आहे का?

बहुतेक वेळा नाही. फॉल्टच्या जागी केबल जळलेली असते आणि आत पाणी शिरलेले असते. हे पाणी कंडक्टरच्या तारांमधून आणि आर्मरखालून दोन्ही बाजूंना सरकत जाते. म्हणून कोरडी, निरोगी केबल लागेपर्यंत मागे कापत जावे लागते. एक-दोन मीटर केबल गेली की उरलेली दोन टोके एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत, कारण जमिनीतली केबल ओढून लांबवता येत नाही. मध्ये नवा तुकडा घालायचा म्हणजे दोन जॉइंट आले.

एकाच जॉइंटवर भागते ते केबल टाकताना जवळपास लूप, म्हणजे जादा लांबीचे वळण, सोडलेले असेल तर. लूप नसतानाही कोणी "ओढून-ताणून एकात बसवतो" म्हणाला, तर नकार द्या. ताणात असलेला जॉइंट जमीन थोडी खचली तरी फेरूलपाशी (कंडक्टरची दोन टोके जोडणाऱ्या धातूच्या नळीपाशी) सुटतो. नव्या तुकड्याची केबल जुन्याच दाबाची, जुन्याच आकाराची आणि त्याच धातूची असावी. आकार वेगळा असला तर त्यासाठीचे खास फेरूल लागते. अॅल्युमिनियमला तांबे जोडायचे असेल तर द्विधातू फेरूल हवेच.

जोडायची की पूर्ण बदलायची?

इथे माझे मत स्पष्ट आहे. खोदकामात तुटलेली, एरवी धडधाकट केबल जोडावी. आपोआप गेलेली केबल जोडण्याआधी थांबून विचार करावा. पुढीलपैकी दोन गोष्टी तुमच्याकडे असतील तर नव्या केबलचा भाव मागवा:

- त्याच लांबीत आधीचे तीन-चार जॉइंट आहेत.
- कापलेल्या टोकाशी कंडक्टरच्या तारा काळ्या किंवा ओल्या आहेत आणि आणखी कापूनही कोरडे टोक लागत नाही.
- फॉल्ट दुरुस्त केल्यावर काही आठवड्यांत दुसऱ्या जागी फॉल्ट आला.
- एकूण लांबीच शे-सव्वाशे मीटर आहे, म्हणजे दोन जॉइंट, खड्डे, गाडी आणि दोन शटडाउन यांचा खर्च नव्या केबलच्या जवळ जातो.

जुनी, कागदी इन्शुलेशनची आणि शिशाच्या आवरणाची केबल नव्या एक्सएलपीई केबलला जोडायची असेल, तर त्याला ट्रान्झिशन जॉइंट लागतो. त्याचे किट वेगळे असते, तेल अडवणाऱ्या नळ्या वेगळ्या असतात आणि हे काम येणारे जॉइंटर कमी होत चालले आहेत. "याआधी असा जॉइंट कुठे केला?" हे विचारल्याशिवाय काम देऊ नका.

किट : हीट श्रिंक की कोल्ड श्रिंक?

हीट श्रिंकमध्ये नळ्या गॅसच्या ज्योतीने आवळल्या जातात. किट स्वस्त, सगळीकडे मिळते, पण निकाल ज्योत धरणाऱ्याच्या हातावर. कोल्ड श्रिंकमध्ये रबरी नळी आधीच ताणून प्लास्टिकच्या गुंडाळीवर चढवलेली असते आणि गुंडाळी ओढून काढली की ती स्वतः आवळते. आग लागत नाही, वेळ कमी लागतो, किंमत जास्त. रसायनांचे कारखाने, तळघरातली सबस्टेशन, जिथे ज्योत पेटवणेच धोक्याचे, तिथे कोल्ड श्रिंक घ्या. बाकी ठिकाणी, ज्या प्रकारात तुमच्या जॉइंटरचा हात बसलेला आहे, तो प्रकार चांगला. महाग किट आणि अननुभवी जॉइंटर हा सौदा तोट्याचाच ठरतो.

खोक्यावर तीन गोष्टी वाचा: दाब (११ केव्हीची केबल 'अर्थ्ड' प्रणालीची की 'अनअर्थ्ड', याप्रमाणे इन्शुलेशनची जाडी बदलते, म्हणून किटही), कोरांची संख्या व आकार (उदाहरणार्थ ३ कोर, १८५ किंवा ३०० चौरस मिमी), आणि वापरण्याची मुदत. मुदत संपलेल्या किटमधले मॅस्टिक (पोकळी भरणारा चिकट लगदा) चिकटत नाही आणि फार काळ ताणलेल्या रबराची आवळण्याची ताकद कमी होते. किटची आयएस १३५७३ प्रमाणे प्रकार-चाचणी झाल्याचा अहवाल उत्पादकाकडून मागता येतो.

दरपत्रकात लिहून घ्या

- ठेकेदाराच्या परवान्याची आणि पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राची प्रत, मुदतीसह.
- प्रत्यक्ष काम करणाऱ्या जॉइंटरचे नाव आणि किट उत्पादकाकडून प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा. परवाना ठेकेदाराचा असतो, हात जॉइंटरचा. नाव लिहिलेला माणूस येणार नसेल तर काम थांबवण्याचा हक्क तुमचा.
- किटचा उत्पादक, दाब, आकार.
- खोदाई, पाणी उपसणे, वाळू, विटा, रस्ता पूर्ववत करणे यांतले काय दरात आहे आणि काय नाही.
- कोणत्या चाचण्या होणार, अहवाल कोण सही करून देणार.
- हमीचा काळ, आणि हमीत फक्त किट की खोदाई व मजुरीही. बहुतेक वाद या शेवटच्या ओळीवरून होतात.

शटडाउन : इथे घाई म्हणजे जीव

केबल बंद केली म्हणजे ती निर्जीव झाली असे नाही. लांब केबल स्वतःत भार साठवून ठेवते, म्हणून ती डिस्चार्ज रॉडने उतरवून दोन्ही टोकांना अर्थिंग करावी लागते. शिवाय चरात तीन-चार केबली शेजारी असतील तर नेमकी हीच बंद आहे, याची खात्री काय? वरच्या आवरणाच्या रंगावर किंवा मुकादमाच्या आठवणीवर विसंबू नका. केबल ओळखण्याचे उपकरण वापरून, आणि करवत लावण्याआधी दूरवरून चालवता येणाऱ्या स्पाइकिंग यंत्राने केबल भेदून, मगच कापायची असते. ठेकेदाराकडे स्पाइकिंगची सोय आहे का, हे आधी विचारा.

तुमच्या डीजी सेटमधून किंवा छतावरच्या सौर यंत्रणेतून ट्रान्स्फॉर्मरमार्गे उलटा पुरवठा येणार नाही, यासाठी एलटी बाजूचा ब्रेकरही कुलूपबंद करा. लेखी परमिट, कुलपे, किल्ल्या एकाच माणसाकडे. फोनवर "चालू करा" म्हटले म्हणून कोणी चार्ज करायचे नाही.

खड्ड्यापाशी उभे राहून काय पाहाल

लेखातला सर्वांत उपयोगी भाग हा. लोकांना वाटते की केबल जोडणे म्हणजे पाण्याचा पाइप जोडणे, तुकडे जुळवले आणि वरून आवळले. उच्चदाबाच्या केबलमध्ये कंडक्टरभोवती काळा सेमीकॉन (अर्धवाहक थर), त्यावर पांढरे एक्सएलपीई इन्शुलेशन, त्यावर पुन्हा काळा सेमीकॉन, मग तांब्याची पट्टी, आतले आवरण, आर्मर आणि बाहेरचे आवरण असे थर असतात. जोडताना बाहेरचा सेमीकॉन जिथे कापून थांबवतात, त्या कडेवर विजेचा ताण एकवटतो. तो पसरवण्यासाठी किटमध्ये स्ट्रेस कंट्रोलची नळी आणि मॅस्टिक असते. तिथे हवेची पोकळी, धुळीचा कण किंवा सुरीचा ओरखडा राहिला तर आत ठिणग्यांचे सूक्ष्म काम सुरू होते आणि काही दिवसांनी किंवा काही वर्षांनी जॉइंट फुटतो. मेगर चांगला येऊनही जॉइंट उडतो तो यामुळे.

तंत्र माहीत नसले तरी या गोष्टी डोळ्यांना दिसतात:

- खड्डा. दोन माणसे दोन बाजूंना बसून काम करू शकतील एवढा मोठा, कडा न ढासळणारा, खाली प्लास्टिक अंथरलेला, कोपऱ्यात पाणी साठायला खोलगट जागा. वर तंबू किंवा ताडपत्री. पाऊस चालू असताना केबल उघडी करायची नाही, कितीही घाई असली तरी.
- किटमधला सूचनांचा कागद उघडा आहे का? मापे प्रत्येक उत्पादकाची वेगळी असतात. "मला पाठ आहे" म्हणणाऱ्या जॉइंटरलाही टेप लावून मोजायला सांगा.
- नळ्या आधी चढवल्या का? फेरूल क्रिंप होण्यापूर्वी सर्व नळ्या कोरांवर सरकवून ठेवाव्या लागतात. क्रिंपिंग झाले आणि नळ्या खोक्यातच दिसल्या, तर काम थांबवा. नळी उभी चिरून बसवणे आणि टेपने गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे.
- सेमीकॉन कशाने काढतो? त्यासाठी खोली ठरवता येणारे सोलण्याचे हत्यार मिळते. काचेच्या तुकड्याने खरवडण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्याने इन्शुलेशनवर खाचा पडतात. पांढऱ्या पृष्ठभागावर काळा ठिपका किंवा सुरीची रेघ दिसली तर तिथेच विचारा.
- पुसण्याची दिशा. हे सर्वांत सोपे लक्षण. सॉल्व्हंटच्या फडक्याने पांढऱ्याकडून काळ्याकडे पुसायचे, उलट कधीच नाही. काळ्यावरून पांढऱ्यावर फडके आले की वीज वाहून नेणारे कण इन्शुलेशनवर पसरतात. काळ्याला लागलेले फडके टाकून नवे घ्यायचे. पुसल्यावर बोट लावायचे नाही.
- क्रिंपिंग. अॅल्युमिनियमच्या तारा घासून, फेरूलच्या मापाचा डाय हायड्रॉलिक यंत्रात लावून दाबायच्या. नंतर टोकदार कडा कानशीने घासलेल्या हव्यात आणि धातूचा चुरा पुसलेला हवा.
- ज्योत. मऊ, पिवळ्या टोकाची, सतत फिरती. निळी, सुळ्यासारखी ज्योत एका जागी धरली तर नळी करपते. आवळणे मधून सुरू होऊन टोकांकडे जाते, म्हणजे हवा बाहेर पडते. शेवटी नळीच्या टोकातून चिकट मॅस्टिक थोडे बाहेर आलेले दिसले पाहिजे.
- तांब्याची पट्टी आणि आर्मर पुढे जोडले का? जॉइंटच्या दोन्ही बाजूंची तांब्याची स्क्रीन आणि आर्मर स्वतंत्र, पक्क्या जोडणीने पुढे न्यायची असते. ही तुटली तर पुढच्या फॉल्टचा प्रवाह परत यायला वाट राहत नाही, रिले नीट चालत नाही आणि आवरणाला हात लावणाऱ्याला धक्का बसू शकतो.
- थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम जॉइंट उचलून खड्ड्यात सारखा केला की आतले मॅस्टिक सरकते.

खड्डा तयार असेल तर तीन कोरच्या ११ केव्ही हीट श्रिंक जॉइंटला अनुभवी माणसाला अर्धा दिवस सहज लागतो. दोन तासांत झालेल्या कामाचे कौतुक करू नका. रहिवाशांना किंवा पाळीच्या कामगारांना शटडाउनची वेळ सांगताना मोकळी ठेवा. "सहा वाजेपर्यंत लाइट आलीच पाहिजे" हा दबाव शेवटी जॉइंटरच्या हातात उतरतो.

चाचणी

जोडण्याआधी केबलचे दोन्ही भाग वेगवेगळे मेगर करा, जोडल्यावर पूर्ण केबल. उच्चदाबासाठी ५ केव्हीचा मेगर वापरतात. आकडा केबलच्या लांबीवर आणि हवेच्या दमटपणावर अवलंबून असतो, म्हणून तिन्ही फेज एकमेकांशी ताडून पाहा. एक फेज बाकी दोघांपेक्षा खूपच कमी असेल तर चार्ज करू नका.

मेगर मोठी चूक पकडतो, बारीक पकडत नाही. त्यासाठी दाब देऊन चाचणी हवी. जुनी पद्धत डीसी हायपॉटची. पण वापरात असलेल्या एक्सएलपीई केबलवर ती टाळावी, कारण इन्शुलेशनमध्ये भार अडकून राहतो आणि केबल पुन्हा चालू केल्यावर तोच घातक ठरतो. ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेची) चाचणी मागा. जुन्या केबलला नव्याइतका दाब द्यायचा नसतो, तेव्हा किती दाब, किती मिनिटे, हे आधी लेखी ठरू द्या. चाचणीपूर्वी ट्रान्स्फॉर्मर, पीटी आणि लाइटनिंग अरेस्टर केबलपासून सोडवलेले असावेत.

आर-वाय-बी कोर जुळले का आणि फेजचा क्रम पूर्वीसारखाच आहे का, हेही चार्ज केल्यावर लगेच तपासा. क्रम उलटला तर पंप आणि लिफ्टच्या मोटारी उलट फिरतात.

बुजवणे आणि नोंद

आयएस १२५५ प्रमाणे ११ केव्हीची केबल किमान ०.९ मीटर आणि २२ व ३३ केव्हीची १.०५ मीटर खोल हवी. जॉइंटखाली आणि वर चाळलेली वाळू, त्यावर विटा किंवा फरशा, मग इशारा देणारी पट्टी, मग माती. निघालेले दगड-मुरूम थेट जॉइंटवर लोटू देऊ नका. जॉइंट पाइपच्या आत, रस्त्याच्या मधोमध किंवा गटाराच्या कडेला येत असेल तर केबल थोडी जास्त कापून जागा बदलावी.

वर जॉइंट मार्कर बसवा. नोंदवहीत तारीख, दोन पक्क्या भिंतींपासूनची अंतरे, किटचा बॅच क्रमांक, जॉइंटरचे नाव, चाचणीचे आकडे आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवा. पुढच्या सचिवाला हीच वही लागेल. नवी केबल टाकली किंवा मांडणी बदलली असेल, तर विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते का, हे ठेकेदाराच्या तोंडी उत्तरावर न सोडता निरीक्षक कार्यालयाला लेखी विचारा. कामात अपघात झाला तर ठरलेल्या मुदतीत, प्राणघातक असेल तर २४ तासांच्या आत, त्यांना कळवणे बंधनकारक आहे.

केबल कंपनीची असेल तर तुमचे हक्क

दुरुस्तीचा खर्च तुमचा नाही. महावितरणच्या ग्राहकांनी १९१२ वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. नुसता लाइनमनला केलेला फोन पुरावा होत नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहिता व कृती मानके विनियमांत भूमिगत केबलच्या बिघाडासाठी वेगळी कालमर्यादा आहे, आणि ती शहरी व ग्रामीण भागांना वेगळी लागू होते. ती ओलांडली तर ठरलेल्या दराने भरपाई मिळू शकते. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्या निर्णयानंतर विद्युत लोकपाल, अशी पायरी आहे. मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आणि लोकपालांकडे मंचाच्या आदेशानंतर ६० दिवसांत जायचे असते. वकील लागत नाही.

जॉइंट पुन्हा गेला तर

निकामी जॉइंट ठेकेदाराला घेऊन जाऊ देऊ नका. दोन्ही बाजूंची फूटभर केबल ठेवून कापा, क्रमांक टाका, आणि त्याच्यासमोर, शक्य तर किट उत्पादकाच्या प्रतिनिधीसमोर उघडा. सेमीकॉनच्या कडेपाशी भोक पडले असेल तर संशय सोलण्याच्या आणि पुसण्याच्या कामावर जातो. फेरूल निळसर-काळे पडून वितळले असेल तर क्रिंपिंगवर. आर्मर गंजलेला आणि आत ओल असेल तर बाहेरची नळी नीट बसली नव्हती. बाहेरून टोच किंवा चेपलेले आवरण दिसले तर दोष नंतरच्या खोदकामाचा असू शकतो, आणि तेव्हा हमी मागणे रास्त नाही. कारखान्याने व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा बसत नाही, म्हणून दरपत्रकातली हमीची ओळ आणि कापून ठेवलेला हा तुकडा हेच तुमच्या दाव्याचे आधार आहेत. अंतिम बिलातली काही रक्कम राखून ठेवली असेल, तर निदान होईपर्यंत ती सोडू नका.